बोटभर अंतर

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या अलीकडे एका नव्या दुकानाच्या कोऱ्या भिंतीवर एक म्हातारा माणूस बोटांची उलटी बाजू फिरवत उभा होता. त्याला पाहून संघप्रियाचे पाय थांबले. ती शाळेत चित्रकला शिकवायची; शाळा सुटल्यावर रंगांचं सामान घ्यायला निघाली होती. मार्च नुकताच लागला होता, तरी रस्त्यावरचं ऊन पांढरं पडलं होतं आणि कोळशाची बारीक धूळ त्या उन्हात कुठेही न बसता नुसती तरंगत होती. भिंत तपासताना माणसं तळहात लावतात. नखांच्या वरची मागची कातडी लावणारा माणूस तिने जन्मात एकच पाहिला होता. तळहाताला कामाची सवय झालेली असते, त्याला सगळंच कोरडं लागतं. मागची कातडी कोवळी असते, तिला भिंतीतली ओल समजते, असं बाबा सांगायचे. म्हातारा पुढे चालू लागला. त्याचा डावा खांदा किंचित खाली होता. संघप्रिया त्याच्या मागे गेली. फळांच्या गाड्या, मोटारसायकली, हॉर्न हे सगळं कानात कापूस घातल्यासारखं लांबून येत होतं. तिने हात पुढे करून त्याच्या खांद्यावर ठेवला. तो वळला. चेहरा बाबांचा नव्हता, बाबांसारखाही नव्हता. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. काय झालं बाई, असं त्याने विचारलं, तेव्हा ती चुकलं एवढंच म्हणाली. तो मान हलवून गर्दीत गेला. त्याच्या शर्टाचा घाम तिच्या हाताला लागला होता. ऑटोत बसल्यावरही तो हात तिने मांडीवर उताणा ठेवला.

घरी आल्यावर तिला एक गोष्ट टोचत राहिली. माणूस ओळखण्यात चूक झाली, ती कोणाचीही होते. पण त्या क्षणी तिला नवल वाटलं नव्हतं. बाबा दिसले, यात काही अचाट घडतंय असं तिच्या अंगाने मानलंच नव्हतं; उशीर झालेली बस आली की जसं हायसं वाटतं, तसं वाटलं होतं. म्हणजे चार वर्षं ती वाट पाहत होती. बाबा गेले, असं ती सगळ्यांना सांगत आली होती, शाळेत सांगितलं होतं, शेजारी सांगितलं होतं. पण फळ्यावर रोज तारीख लिहावी तसं ते तिने लिहिलं होतं आणि रोज पुसलं होतं.

तिचे बाबा, रामाजी गवंडी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. तेव्हा ते धाकट्या मुलाकडे, आयुषकडे, मूल गावी होते. संघप्रिया चंद्रपूरला एका वसतिगृहाच्या खोलीत होती. तिलाही कोरोना झाला होता आणि तिथे ठेवलेल्या बायकांना खिडकीशीसुद्धा जाऊ देत नव्हते. त्या खोलीत ताप चढला की भिंती मऊ व्हायच्या, छत श्वास घ्यायचं. अशाच एका दुपारी फोनवर आयुषचा आवाज आला की बाबा गेले आणि सगळं आटोपलं. दवाखान्यातून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिलं, नगरपालिकेच्या माणसांनी नेलं, घरच्या एकालाच लांब उभं राहू दिलं. पिशवीवर मार्करने नाव लिहिलं होतं, त्यात एक काना राहून गेला होता. रामाजीचं रामजी झालं होतं, हेही त्यानेच सांगितलं. कदाचित रडू येऊ नये म्हणून सांगायच्या ओघात सांगितलं असेल. संघप्रियाने त्या तापात तो काना पकडून ठेवला. तिने विचारलं, तू चेहरा पाह्यला का? तो नाही म्हणाला. मग कशावरून बाबाच होते, असं तिने विचारलं. पुन्हा विचारलं. मग आणखी कशाकशावरून विचारलं, उंची, पाय, पिशवीची लांबी. शेवटी आयुषने फोन ठेवून दिला. त्यानंतर बहीणभावात भांडण झालं नाही. आईच्या गोळ्या, गॅसचा नंबर, घरावरचे पत्रे, एवढंच बोलणं उरलं. ती मूलला गेली की तो ड्यूटीवर निघून जायचा. वीज खात्यात लाइनमन होता तो, त्याला कधीही जाता यायचं.

जटपुरा गेटपाशी तो म्हातारा दिसला, त्याच आठवड्यात फादर वर्कींचा फोन आला. मुलचेऱ्यापासून आत, जंगलाला लागून असलेल्या एका गावात त्यांचं लहानसं देऊळ होतं. ते चर्चला देऊळच म्हणायचे, बोलताना हिंदी-मराठीच्या मधून अचानक मल्याळी हेल निघायचा. हे देऊळ रामाजींनी बांधलं होतं. आतली मागची भिंत त्यांनी कोरी ठेवायला सांगितली होती. माझी पोरगी चित्र काढते, ती काढेल, असं म्हणून गेले होते. पुढे पैसे नव्हते, मग कोरोना आला, मग फादरांची बदली होऊन ते पुन्हा परत आले. आता ईस्टरनंतरच्या रविवारी, जो येशूच्या थोमा या शिष्याचा रविवार असतो, त्या दिवशी भिंतीवर थोमा असावा असं त्यांना वाटत होतं. संघप्रियाला आपल्याला हे कधीच कळलं नव्हतं याचं वाईट वाटलं, आणि मग बाबा काही सांगत नसत हे आठवून बरं वाटलं. शाळेच्या परीक्षा उरकून, उरलेले पेपर सहकाऱ्याला देऊन ती निघाली.

बस मूल, चामोर्शी करत गेली. पुढे बंगाली वस्त्यांची गावं लागली, तळ्याकाठी बांबूची मचाणं, दारात शंखाच्या बांगड्या घातलेल्या बाया. मग साग सुरू झाला. पानं झडलेली होती, त्यामुळे जंगल आरपार दिसत होतं आणि तरी त्याला शेवट नव्हता. जमिनीवर मोहाची फुलं पडली होती. तो वास बसमध्ये शिरला, आंबूस, गोड, झोपेसारखा. खिडकीच्या गजावर डोकं टेकून ती अर्धवट जागी होती. तिला विजासनची लेणी दिसत होती. लहानपणी बाबा तिला भद्रावतीला घेऊन गेले होते. डोंगराच्या पोटात सरळ शिरणारा बोळ, आत अंधार, आणि त्या अंधाराच्या टोकाला बसलेले बुद्ध. ती घाबरून थांबली तेव्हा बाबांनी तिचा हात धरून भिंतीला लावला होता. भिंत गार होती. डोळे नको वापरू, भिंतीसंग चाल, एवढंच ते म्हणाले होते. ती चालत गेली होती. बोळ संपला, हाताखालची भिंत वळली, आणि कोणीतरी समोर आहे हे दिसायच्या आधी तिला कळलं होतं.

म्हणून चर्चच्या दारात पाऊल टाकल्यावर तिला नवं काही वाटलं नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती सरळ होत्या आणि मागची भिंत गोल होती, नालासारखी. बाबांना दुसरं कसं बांधायचं ते माहीतच नव्हतं. आयुष्यभर त्यांनी विहार बांधले, समाजमंदिरं बांधली, आणि कोणी फादर येऊन येशूचं घर बांधा म्हणाला तेव्हा तेच बांधलं, फक्त दारावर क्रूस बसवला. फादर वर्की हसत सांगत होते की वरच्या लोकांनी नकाशा पाहून विचारलं होतं, हे बौद्धांचं आहे का. त्यांनी उत्तर दिलं होतं की जगातली जुनी चर्चंसुद्धा मागे अशीच गोल आहेत. रामाजींना ते थोमाविषयी सांगत असत. केरळात त्यांच्या आजीच्या बोलण्यात थोमा असा यायचा की जणू गेल्याच पावसाळ्यात होडीतून उतरला आहे. तो सुतार होता, गवंडी होता. एका राजाने त्याला महाल बांधायला पैसे दिले आणि त्याने ते सगळे गोरगरिबांत वाटून टाकले, आणि महाल कुठे आहे म्हटल्यावर वर स्वर्गात बोट दाखवलं. म्हणून जुन्या मूर्तींत त्याच्या हातात गुण्या असतो, गवंडी काटकोन तपासतात तो. रामाजींना हे ऐकून फार आनंद झाला होता. हा तर आपल्या धंद्यातला निघाला, असं म्हणून त्यांनी देवळाच्या पायाच्या कोपऱ्यात स्वतःचा गुण्या लावून दाखवला होता.

संघप्रियाने फोनवर परदेशातली जुनी चित्रं पाहिली. कुठे थोमा कोवळा होता, मिसरूड न फुटलेला. कुठे थकलेला, कपाळावर आठ्या, हातात भाला, ज्याने तो पुढे मारला गेला. पण जवळजवळ सगळ्यांना रंगवायचा होता तो एकच क्षण. मेलेला येशू परत आल्याचं बाकीच्यांनी पाहिलं, थोमा तेव्हा तिथे नव्हता. तो म्हणाला, त्याच्या कुशीतल्या जखमेत हात घातल्याशिवाय मी मानणार नाही. आठवड्याने येशू पुन्हा आला आणि म्हणाला, घाल. कुठल्या चित्रात बोट कातडीच्या आत गेलं होतं. कुठे बोट हवेतच थांबलं होतं. फादर म्हणाले की त्याने हात लावला की नाही, हे शास्त्रात लिहिलेलंच नाही. तो एकदम माझ्या प्रभू, माझ्या देवा म्हणाला, एवढंच लिहिलं आहे. आणि थोमा या नावाचा अर्थ जुळा असा होतो. कोणाचा जुळा, ते कोणाला ठाऊक नाही.

तिने काम सुरू केलं. बाबांच्या हातच्या गिलाव्यावर पांढरं दिलं, कोळशाने रेघा ओढल्या. फादरांनी गोंड माणसांसारखी माणसं काढायला हरकत घेतली नाही, म्हणून शिष्यांना तिने पंचे दिले, गुडघ्यापर्यंत धोतरं दिली. सकाळी पूर्वेच्या लहान खिडकीतून ऊन यायचं आणि गोल भिंतीवरून पाण्यासारखं सरकत जायचं. कुठल्याच कोपऱ्यावर अडायचं नाही. ती बांबूच्या मचाणावर बसून पाहत राहायची, ब्रश हातात वाळून जायचा. बाहेर मोहाची फुलं टपटप पडायची. कधी तिला वाटायचं की ती या भिंतीच्या आत आहे आणि बाहेरून कोणी हात फिरवून पाहत आहे, ओल आहे का. थोमा झाला, येशू झाला, मागची दहा माणसं अंधुक झाली. थोमाचं बोट आणि येशूची जखम यांच्यामध्ये मात्र बोटभर जागा कोरी राहिली. बोट पुढे नेलं की ते चोरासारखं वाटे. मागे घेतलं की भित्रं वाटे. तिने ते पुसलं, पुन्हा काढलं. जखमही नीट उतरत नव्हती. लाल रंग भरला की ती दुकानातल्या कॅलेंडरावरची जखम दिसायची, कोणालाच न दुखणारी.

दुपारी झिंगूभाऊ येऊन दारात बसायचे. त्यांचं घर चर्चच्या मागेच होतं. ते काही ख्रिस्ती नव्हते, त्यांचा पेन, म्हणजे गोंडांचा देव, पलीकडे साजाच्या झाडाखाली होता. पण रामाजींच्या वेळी त्यांनी इथे विटा वाहिल्या होत्या आणि फरशी गार असायची, म्हणून उन्हात ते आत यायचे, बिडी बाहेर विझवून. बोलायचे थोडं. रामाजी कुठे आहेत, असं त्यांनी पहिल्या दिवशीच विचारलं होतं. संघप्रियाच्या तोंडून निघालं होतं, मूलला आहेत. मग ती मचाणावर चढून बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसली होती. एका दुपारी त्यांनी चित्राकडे पाहत विचारलं की ही जखम कशाची आहे. तिने भाल्याची म्हणून सांगितलं. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं.

"एवढीशीच? यानं मानूस मरते?"

मग ते हळू उठले, मचाणाजवळ आले आणि त्यांनी सदरा वर केला. डाव्या बरगडीखाली मांस नव्हतं. तिथे एक खळगा होता, मूठभर, कडांची कातडी चुण्या पडून आत वळलेली, तळाशी पातळ, गुलाबी, चमकणारी. त्या पातळ कातडीखाली काहीतरी हलत होतं, वर येत होतं, खाली जात होतं. मोहफुलं वेचायला गेले असताना अस्वलाने केलं होतं, बऱ्याच वर्षांमागे. अस्वलही मोहच खायला आलं होतं, झाडाच्या त्या बाजूला ते आणि या बाजूला हे. संघप्रियाला बघवेना आणि नजरही हलवता येईना. तिचा हात नकळत पुढे झाला आणि मध्येच थांबला, अगदी चित्रातल्यासारखा. झिंगूभाऊंनी तिचं मनगट धरलं.

"लावा ना, बाई. पाहाचं आहे तर हात लावून पाहा."

बोट टेकलं. कातडी गरम होती, आणि इतकी मऊ की तिला तान्ह्या मुलाच्या टाळूची आठवण झाली. आत ठोका होता. तिच्या बोटाच्या टोकाला तो लागत होता, सावकाश, बेफिकीर. तिने विचारलं, दुखते का. आता नाही दुखत, असं म्हणून ते तसेच उभे राहून सांगू लागले. हेमलकशाच्या दवाखान्यात नेऊन शिवलं होतं. तिथे ते महिनोगणती पडून होते आणि इकडे गावात कोणीतरी येऊन सांगितलं की झिंगू मेला. त्यांची बायको सोमारी रडून मोकळी झाली, मेल्या माणसाचं जे करायचं ते सगळं तिने केलं. आणि मग एक दिवस हे अंगणात येऊन उभे राहिले. सोमारी घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं. हा आपला माणूस नाही, त्याचं रूप घेऊन दुसरंच काही आलं आहे, असं तिला वाटलं. गावाने समजावलं, ती मानेना. संध्याकाळी ती बाहेर आली, जवळ आली, आणि तिने पट्टी वर करून बोट आत दाबलं. तेव्हा जखम ओली होती.

"लई दुखलं. पन मी हललो नाई," झिंगूभाऊ म्हणाले. "हललो असतो त ते भेली असती. तिले पाहाचं होतं. मी पाहू देल्लो."

ते सदरा खाली करून पुन्हा दारात जाऊन बसले. संघप्रिया मचाणावर चढली, पण तिने ब्रश उचलला नाही. बोटाच्या टोकाला अजून ठोका होता. इतक्या दिवसांत तिने थोमाचाच विचार केला होता. त्याला काय वाटलं असेल, त्याचं बोट कसं वळलं असेल. ज्याच्या जखमेत हात जातो त्याला दुखतं, हे तिच्या मनात आलं नव्हतं. आणि तिची नजर मागच्या दहा अंधुक माणसांकडे गेली. त्यांना तिने चेहरेसुद्धा नीट दिले नव्हते. यांनी पाहिलं होतं. दार उघडून थोमा आत आल्याबरोबर यांनी त्याला सांगितलं होतं आणि तो म्हणाला होता, मी नाही मानत. त्यानंतरचा तो सबंध आठवडा ते एकाच घरात होते. एका ताटाशी बसून जेवले असतील. पाणी दे, मीठ दे, एवढंच बोलले असतील. खरं सांगितलं आणि आपल्याच माणसाने मानलं नाही, तर ते खरं घेऊन माणूस कुठे जातो? तिला आयुषचा आवाज आठवला, फोन ठेवण्याआधीचा. त्याने श्वास घेतला होता, काहीतरी बोलण्यासाठी. तिने तेवढ्यात पुढचा प्रश्न विचारला होता. पायाची लांबी विचारली होती. वीस-बावीस वर्षांचा पोर होता तो तेव्हा. उन्हात एकटा उभा राहून आला होता, घरी येऊन आईला सांभाळत होता, आणि ती त्याच्या उघड्या जखमेत बोट घालून विचारत होती, खरी आहे का.

सकाळी तिने त्याला फोन केला. खरं कारण सांगणं जमलं नाही. चर्चमध्ये एकच बल्ब आहे, चित्रावर उजेड पडत नाही, वायर जुनी आहे, तू येऊन पाहशील का, असं म्हणाली. किती मीटर वायर लागेल, असं त्याने विचारलं. मग येतो म्हणाला.

तो मोटारसायकलवरून आला, रुमालाने तोंड बांधलेलं, मागे अवजारांची पिशवी. जय भीम ताई, म्हणाला आणि सरळ मीटरकडे गेला. तिने त्याला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. शिडीवर तो अगदी हलका होता. वायर सोलताना ओठ दाताखाली धरायचा, लहानपणी पतंगाला मांजा बांधताना धरायचा तसा. बांधकाम कोणाचं आहे ते त्याला ठाऊक होतं; तरी भिंतीकडे त्याने मुद्दाम पाहिलं नाही. चित्राकडेही नाही. दोन दिवे बसवून झाले. मग दोघं पायरीवर चहा घेऊन बसले. समोर मोहाखाली सोमारीबाई फुलं वेचत होती. आयुषच्या हाताला वायरच्या रबराचा वास येत होता. तिने कप खाली ठेवला.

"आयुष, त्या दिवशी तू काय पाह्यला, ते सांग," ती म्हणाली. "मी मधात नाई बोलत."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. चहा संपवला, कपातला गाळ जमिनीवर ओतला. तिला वाटलं, उठून जाईल. तो बोलला तेव्हा आवाज इतका साधा होता की ती आधी घाबरली.

"चेहरा नाई पाह्यलो. हात पाह्यलो. तू हाताचं कधी विचारलंच नाई."

मग तो सांगत गेला. पिशव्या ओळीने जमिनीवर ठेवल्या होत्या, लाकडं कमी पडली होती म्हणून. वर ऊन होतं, सावली कुठेच नव्हती. त्याला लांब उभं राहायला सांगितलं होतं. पांढऱ्या सूटमधला एक माणूस त्याच्याकडे पाहत होता, आणि थोड्या वेळाने त्या माणसाने बाकीच्यांकडे पाठ केली, खाली वाकून पिशवीची चेन बाजूने थोडी उघडली आणि हाताने खुणावलं, ये. पिशवीतून बाबांचा उजवा हात बाहेर आला. सिमेंटने खाल्लेली बोटं, अंगठ्याचं ते दुभंगलेलं नख. त्यात चूक व्हायला जागा नव्हती. आयुषने हातमोजा काढला आणि तो हात हातात घेतला.

"गरम होता, ताई," तो म्हणाला. "थंड असते म्हणतात ना. गरम होता. मले वाटलं, जिवंत आहेत. चूक होऊन राह्यली, जित्या माणसाले जाळून राह्यले. बाबा म्हणून मी हाक मारली. हळूच मारली. जोरात काऊन नाई मारली मी? तो माणूस म्हणाला, भाऊ, हे उनानं आहे. आन् त्यानं हात आत ठेवला, चेन लावली. मी काहीच नाई बोललो."

तो आता हातातल्या रिकाम्या कपाकडे पाहत होता. आईला हे सांगणं शक्य नव्हतं. ताईला सांगणार होता, त्याच दिवशी, फोनवर. पण ताई विचारू लागली की कशावरून बाबाच होते, आणि तो घाबरला. बाबाच होते, हे त्याला पक्कं माहीत होतं. ते मेले होते का, हेच त्याला माहीत नव्हतं. चार वर्षं खांबावर चढताना, उन्हात तापलेल्या लोखंडाला हात लागला की त्याला तो हात आठवायचा.

संघप्रिया ऐकत होती. मोहाच्या वासाने हवा जड झाली होती आणि सोमारीबाईची टोपली हळूहळू पिवळी होत होती. एवढी वर्षं ती ज्या दारापाशी उभी होती, त्याच्या आतल्या बाजूला तिचा भाऊ उभा होता, तिच्याहून जास्त अंधारात. तिला बाबा हवे होते आणि तो त्यांचा हात सोडून आला होता. बाबांचा हात तिला अगदी स्पष्ट दिसला. ते नख, उन्हाने तापलेली ती कातडी. आणि तिला कळलं की त्या हातात आता काही नव्हतं. झिंगूभाऊंच्या बरगडीखाली जे होतं ते त्या हातात नव्हतं. कोणीतरी हे आयुषला सांगायला हवं होतं. सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

"नाडी लागली होती का तुले?" तिने विचारलं.

त्याने डोळे मिटले.

"नाई," तो म्हणाला. "काहीच लागलं नोतं. नुसता गरम होता."

"उनानंच होता मंग," ती म्हणाली. "तुही काही चूक नाई झाली. बाबा गेले होते, आयुष."

हे वाक्य तिने आधी कितीदा म्हटलं होतं. या वेळी ते तिच्या छातीतून आलं आणि येताना तिला दुखलं. आयुषने गुडघ्यांत डोकं घातलं. त्याच्या पाठीवर हात ठेवून ती बसून राहिली. दारातून झिंगूभाऊंनी एकदा पाहिलं आणि ते बाजूच्या दाराने निघून गेले. तीही रडली असावी; नंतर तोंड धुताना पाणी डोळ्यांना झोंबलं. संध्याकाळी मोटारसायकल सुरू करताना तो म्हणाला की आईचं एकदा भिक्खू बोलावून बाबांच्या नावाने पुण्यानुमोदन घालायचं म्हणणं आहे, पण तू मधात येशील म्हणून ती बोलत नाही. मे महिन्यात घालू, असं संघप्रिया म्हणाली. झिंगूभाऊंच्या घरी जाऊन तिने त्यांनाही सांगितलं की रामाजी गेले, चार वर्षं झाली. ते चुलीपाशी बसले होते. बसल्या जागी त्यांनी मोहाच्या दारूचे थोडे थेंब जमिनीवर सांडले आणि गोंडीत काहीतरी पुटपुटले. तिने त्याचा अर्थ विचारला नाही.

बोट तिने दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण केलं. फार वेळ लागला नाही. ते आत शिरलं नाही, जखमेच्या कडेला नुसतं टेकलं. उरलेले दिवस तिने मागच्या दहा माणसांना दिले.

थोमाच्या रविवारी जवळच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंची कुटुंबं आली, जंगलातल्या पाड्यांवरचे लोक आले, दोन बंगाली घरं आली. आयुष आईला घेऊन आला. अंजनाबाई पांढऱ्या लुगड्यात मागच्या ओळीत बसल्या. प्रार्थना त्यांच्या नव्हत्या, तरी डोळे मिटून हात जोडून होत्या. सगळे बाहेर पडल्यावर त्या भिंतीजवळ गेल्या. येशूकडे पाहिलं, थोमाकडे पाहिलं, आणि मग दहांतल्या पहिल्या माणसापाशी थांबल्या. तो बाकीच्यांपेक्षा तरुण होता, ओठ दाताखाली धरलेला, आणि तो येशूकडे पाहत नव्हता. थोमाकडे पाहत होता. हा कोण आहे, असं त्यांनी विचारलं.

संघप्रिया म्हणाली, "यानं आधी पाह्यलं होतं, आई. यानं त्याले सांगितलंही होतं."

"मंग त्यानं आयकलं नाई?"

"उशिरा आयकलं," संघप्रिया म्हणाली.

अंजनाबाईंनी मान हलवली. बाहेर उन्हात आयुष मोटारसायकलची सीट हाताने पुसत होता, आईला चटका बसू नये म्हणून त्यावर ओला रुमाल टाकत होता.